उडत येणारा सुपरमॅन आणि एका मुलीचा प्रश्न

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात दर रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. त्रिसरण-पंचशील झाले की कधी गणित, कधी इंग्रजी, तर कधी बाबासाहेबांच्या चरित्रातील एखादा प्रसंग घेतला जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे मन रमावे म्हणून आम्ही एका रविवारी कार्टून दाखवायचे ठरविले. वस्तीतील एका तरुणाने प्रोजेक्टर आणला, भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि सुपरमॅनचे जुने इंग्रजी लघुपट सुरू झाले. समोर चाळीस-पंचेचाळीस मुले, मागे भिंतीला टेकून काही आया आणि दोन-तीन आजीबाई. संवाद इंग्रजीत, म्हणून आम्ही मधूनमधून चित्र थांबवून मराठीत समजावून सांगत होतो.

पहिल्या चित्रपटात उडणारे लोखंडी राक्षस बँक लुटतात, जडजवाहीर पळवितात आणि सुपरमॅन त्यांचा चक्काचूर करतो. मुलांनी विहार डोक्यावर घेतला. दुसरा चित्रपट होता विजेच्या भूकंपाचा. त्यात एक माणूस वर्तमानपत्राच्या कचेरीत येतो आणि सांगतो, की मॅनहॅटनची ही भूमी मुळात आमच्या लोकांची आहे, ती रिकामी करा, आणि हे तुमच्या पत्रात छापा. त्याचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही. मग तो समुद्राच्या तळाशी यंत्रे बसवून विजेच्या जोरावर सारे शहर हादरवितो. सुपरमॅन पाण्यात उडी घेतो, विजेच्या तारा उखडतो आणि शहर वाचवितो. पुन्हा टाळ्या. तेवढ्यात पाचवीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पण ती जमीन त्याचीच होती ना?"

आम्ही घाईघाईत म्हणालो, "अगं, तो वाईट माणूस आहे. बस खाली, पुढचं बघ."

मुलगी बसली. पण त्या रात्री आम्हाला चैन पडेना. त्या माणसाने भूकंप करणे वाईटच. मुलीने ते विचारले नव्हते. जमीन कुणाची, एवढेच तिने विचारले होते आणि आम्ही उत्तर न देता तिला खाली बसविले. पडद्यावरच्या वर्तमानपत्रवाल्यांनी त्या माणसाला जसे वाटेला लावले, तसेच आम्ही तिला लावले. पिढ्यान्पिढ्या "बस खाली" हेच ऐकत आलेल्या समाजातील आम्ही माणसे, आणि आमच्याच तोंडून तेच शब्द बाहेर पडावेत! पुढचा आठवडा आम्ही या चित्रपटांची माहिती गोळा करण्यात घालविला. ती आपल्या वाचकांपुढे, विशेषतः आईवडिलांपुढे ठेवावी म्हणून हा लेखप्रपंच.

सतरा चित्रपटांची मालिका

सुपरमॅन प्रथम अवतरला तो कागदावर, १९३८ साली, 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. त्याचे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोन तरुण. दोघेही अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातले, दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील. ज्यू लोकांना युरोपात ठायी ठायी अपमान आणि अत्याचार सोसावे लागत होते, त्या काळात या दोघांनी परक्या ग्रहावरून आलेला एक अनाथ मुलगा कल्पिला आणि त्याला पीडितांचा कैवारी केले. सुरुवातीच्या कथांत हा सुपरमॅन खाणमालकाला स्वतःच्याच खाणीत अडकवून मजुरांचा धोका काय असतो ते दाखवून देतो. गरिबांच्या मोडकळीस आलेल्या वस्तीच्या जागी सरकारला नवी घरे बांधणे भाग पाडतो. असा तो मूळचा सुपरमॅन.

पुढे पॅरामाउंट कंपनीने त्याच्यावर कार्टूनपट काढण्याचे काम मॅक्स आणि डेव्ह या फ्लायशर बंधूंकडे सोपविले. पहिला चित्रपट २६ सप्टेंबर १९४१ रोजी प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीच्या ऑस्करसाठी त्याचे नामांकनही झाले. १९४३ पर्यंत असे एकूण सतरा लघुपट निघाले. पहिले नऊ फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओने केले. १९४२ साली पॅरामाउंटने तो स्टुडिओ ताब्यात घेऊन 'फेमस स्टुडिओज' हे नाव दिले. उरलेले आठ त्या नावाखाली निघाले. प्रत्येक लघुपट साधारण आठ ते दहा मिनिटांचा, रंगीत, आणि आजही डोळे दिपविणारा. अंधार-उजेडाचा खेळ, उंच इमारतींच्या लांब सावल्या, कोसळणारे पूल, हे सारे हाताने रंगविलेले आहे हे सांगितले तर मुलांना खरे वाटत नाही.

या चित्रपटांच्या हक्कांची मुदत पुढे वाढवून घेतली गेली नाही. त्यामुळे ते आज सर्वांसाठी खुले आहेत. विहारात दाखवायचे तर कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

पडद्यामागचे हात

आमचे आयुष्य कारकुनीत गेले, त्यामुळे आकडा दिसला की हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. नऊ मिनिटांच्या चित्रपटात १२,९६० चौकटी झाल्या. एक चित्र दोन चौकटींना पुरविले, तरी साडेसहा हजारांच्या घरात चित्रे होतात. मुख्य चित्रकार हालचालीची पहिली आणि शेवटची अवस्था काढणार. मधली सारी चित्रे काढायची नवशिक्या, कमी पगाराच्या पोरांनी. मग ती पारदर्शक पत्र्यांवर शाईने उतरवायची आणि मागून रंग भरायचे. या कामावर प्रामुख्याने स्त्रिया असत. सुपरमॅन एका हाताने आगगाडी ओढतो, पण त्याला ओढणारे हात हे असे शेकडो होते.

याच फ्लायशर स्टुडिओत मे १९३७ मध्ये न्यू यॉर्कला संप झाला. कमी पगार आणि युनियनला मान्यता न मिळणे ही कारणे. संप ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच महिने चालला आणि अखेर मालकांना युनियनशी करार करावा लागला. कार्टूनच्या धंद्यातील हा पहिला मोठा संप मानतात. पुढच्याच वर्षी स्टुडिओ न्यू यॉर्कहून दूर फ्लोरिडातील मायामीला हलविण्यात आला, कारण तिकडे युनियनचे बळ कमी होते. सुपरमॅनचे पहिले चित्रपट तिथलेच. योगायोग असा, की त्याच १९३८ साली, ७ नोव्हेंबरला, मुंबईत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांसह कामगारांचा संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप पुकारला होता. कारखाना कापडाचा असो की कार्टूनचा, कामगाराचे दुखणे एकच.

आणि त्या दोन तरुणांचे काय झाले? सीगल आणि शूस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे सारे हक्क अवघ्या १३० डॉलरला विकले होते. सुपरमॅनवर लोकांनी अमाप पैसा केला. शूस्टर यांची दृष्टी अधू झाली, दोघांचे दिवस हलाखीत गेले. बराच गाजावाजा झाल्यावर १९७५ साली त्यांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचे ठरले आणि निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. ज्यांनी पीडितांचा कैवारी जन्माला घातला, त्यांच्या मदतीला तो काही धावून आला नाही. त्यांना स्वतःच भांडावे लागले.

खलनायक कोण ठरतो?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. 'इलेक्ट्रिक अर्थक्वेक' हा चित्रपट मे १९४२ मधला. त्यातील खलनायक अमेरिकेचा मूळनिवासी आहे. तो सुटाबुटात आहे, विज्ञान शिकलेला आहे, यंत्रे बनविणारा आहे. म्हणजे ज्या समाजाची भूमी गेली, त्या समाजातला शिकलेला माणूस. तो पहिल्यांदा भूकंप करीत नाही. पहिल्यांदा तो वर्तमानपत्राच्या दारी जातो. ही गोष्ट चित्रपट पाहताना पटकन निसटते.

त्याचे म्हणणे खोटे होते का? मॅनहॅटन बेटावर लेनापे लोकांची वस्ती होती. १६२६ साली डच लोकांनी ६० गिल्डर किमतीच्या मालाच्या बदल्यात ते बेट 'विकत घेतले' अशी नोंद आहे. जमीन कायमची कोणाच्या मालकीची करून मूळच्या लोकांना तिथून हुसकावायचे, ही कल्पनाच लेनापेंच्या रीतीत नव्हती. पुढे त्यांना सरकत सरकत पार ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातील ओन्टारिओपर्यंत जावे लागले. हे तेच मॅनहॅटन, जिथल्या कोलंबिया विद्यापीठात आपले बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले. तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: होय बाळ, ती भूमी त्याच्या लोकांचीच होती.

चित्रपटाने मात्र एक चलाखी केली. खरी मागणी खलनायकाच्या तोंडी घातली. मग तो खलनायक हरला की ती मागणीही हरते, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो. चित्रपट संपताना शहर शांत होते, पण जमिनीच्या प्रश्नाचा पुन्हा कोणी उच्चारही करीत नाही.

हा एकच चित्रपट तसा असता, तर एखादी चूक म्हणून सोडून दिले असते. सप्टेंबर १९४२ मध्ये 'जॅपोटर्स' आला. त्यात अमेरिकेतला जपानी वंशाचा माणूस घरभेदी दाखविला आहे. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशान्वये जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले होते. त्यांतील दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. घरभेदी ठरविताना त्यांचा एकेकाचा गुन्हा कोणी तपासला नाही, जन्म तपासला. जन्मावरून माणसाची लायकी ठरविणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नाही. १९८८ साली अमेरिकन सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. 'जॅपोटर्स' पाहून टाळ्या वाजविणारी मुले तोवर पन्नाशी ओलांडून गेली होती.

मार्च १९४३ मधील 'जंगल ड्रम्स' मध्ये आफ्रिकेचे लोक नाझींच्या नादी लागलेले रानटी म्हणून दाखविले आहेत. ते एका गोऱ्या स्त्रीला जाळायला निघतात. त्यांना नाव नाही, घर नाही, विचार नाही. आमच्या वर्गातील सावळ्या मुलांनी त्या पडद्यावर स्वतःला शोधायचे तर कुठे? उडणाऱ्या नायकात की ढोल बडविणाऱ्या गर्दीत?

आणखी एक बदल लक्षात घेण्यासारखा आहे. कॉमिक्समधला १९३८ चा सुपरमॅन खाणमजुरांच्या बाजूने उभा होता. चित्रपटांतला सुपरमॅन सोन्याने भरलेली आगगाडी राखतो, लुटलेले जडजवाहीर परत मिळवितो. खाणमजूर कुठेच नाही. नायकाचे नाव तेच राहिले, पण त्याने कुणासाठी धावायचे ते बदलले. असे आपल्याकडेही घडताना आपण पाहतो.

आपण काय केले?

त्या मूळनिवासी माणसाची कथा आम्हाला फार जवळची वाटली. आपले म्हणणे कोणी छापत नाही, हा अनुभव आपल्या समाजाने घेतला आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला एका नामांकित पत्राने नकार दिला होता. बाबासाहेबांकडे विद्या होती, राग यायला हजार कारणे होती. पण दार बंद झाले म्हणून त्यांनी शहर हादरविले नाही. त्यांनी स्वतःचे पत्र काढले. पुढे 'बहिष्कृत भारत' काढले, 'जनता' काढले, 'प्रबुद्ध भारत' काढले. आज आपण हे साप्ताहिक हातात धरून वाचतो, ते त्याच वाटेने आले आहे.

ज्या महिन्यांत अमेरिकेच्या चित्रगृहांत हे सुपरमॅनपट लागत होते, त्याच काळात, १८ जानेवारी १९४३ रोजी, बाबासाहेबांनी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त भाषण केले. थोर पुरुष कोणाला म्हणावे, हाच त्या भाषणाचा एक मुख्य विषय. नुसती बुद्धी किंवा नुसता प्रामाणिकपणा पुरेसा नाही, समाजाची घाण साफ करण्याची तळमळ ज्याच्या ठायी आहे तो थोर, असा त्यांचा आशय होता. आणि विभूतिपूजेवर त्यांनी कडक टीका केली. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतही त्यांनी हाच इशारा दिला, की राजकारणातील भक्ती देशाला अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते.

तथागतांनी स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितले. अखेरच्या दिवसांत आनंदाला त्यांनी दुसऱ्याचा आसरा शोधू नको, स्वतःच्या पायांवर उभा राहा असेच सांगितले. सुपरमॅनच्या चित्रपटात लोक काय करतात? वर बघतात. कोणीतरी उडत येईल म्हणून थांबतात. कार्टून म्हणून ते गमतीचे आहे. पण आयुष्यभर वर बघत राहायची सवय मुलांना लागू नये, एवढी काळजी घरातल्या मोठ्यांनी घ्यायला हवी. आणि येथे आपणच आपल्याला विचारू या, की बाबासाहेबांनाही आपण उडत येणारा तारणहार तर करीत नाही ना? त्यांची पुस्तके न उघडता नुसता फोटोला हार घालणे म्हणजे दुसरे काय?

आईवडिलांना चार शब्द

आता तुम्ही म्हणाल, मग मुलांना हे दाखवायचेच नाही का? जरूर दाखवावे. त्यातील चित्रकला पाहावी, वेग पाहावा, संगीत ऐकावे. लहान मुलांसाठी लोखंडी राक्षसांचा 'द मेकॅनिकल मॉन्स्टर्स', बर्फातून जिवंत झालेल्या महाकाय प्राण्याचा 'द आर्क्टिक जायंट', सोन्याच्या आगगाडीचा 'बिलियन डॉलर लिमिटेड' हे चांगले. 'जंगल ड्रम्स' आणि 'जॅपोटर्स' मात्र आठवी-नववीच्या पुढच्या मुलांनाच, आणि तेही शेजारी बसून दाखवावेत.

मोबाइल पोराच्या हातात देऊन आई स्वयंपाकाला आणि बाप ड्युटीला, अशी आपल्या घरांची स्थिती. दोष कोणाला द्यावा? पोट सर्वांनाच आहे. पण आठवड्यातून दहा मिनिटे शेजारी बसता येते. बसल्यावर तीन प्रश्न विचारावेत. यातला वाईट माणूस कोणत्या लोकांतला दाखविला आहे? त्याचे म्हणणे काय होते आणि ते कोणी ऐकून घेतले का? सुपरमॅन आलाच नसता, तर लोकांनी मिळून काय केले असते? हे प्रश्न जुन्या कार्टूनलाच लागतात असे नाही. आजच्या मालिका, सिनेमे, बातम्या, सर्वांना लागतात.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात गेलो. वंदना झाल्यावर त्या मुलीला उभे केले आणि सर्वांसमोर म्हणालो, "गेल्या वेळी हिचा प्रश्न बरोबर होता, आमचं उत्तर चुकलं. जमीन त्याच्या लोकांचीच होती." मुले एकमेकांकडे बघू लागली. मोठा माणूस चूक कबूल करतो, हे त्यांना नवे असावे. मग लेनापे लोकांची हकीकत सांगितली, नकाशात मॅनहॅटन दाखविले, कोलंबिया विद्यापीठ दाखविले. शेवटी विचारले, "वर्तमानपत्रानं त्याचं ऐकलं नाही. मग त्यानं भूकंप न करता काय करायला हवं होतं?"

"मोर्चा काढायचा." "कोर्टात जायचं." "सगळ्यांना गोळा करायचं." उत्तरे येत गेली. मागच्या रांगेतला एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, हळूच म्हणाला, "आपलाच पेपर काढायचा."

विहाराच्या भिंतीवर आता मुलांचे हस्तलिखित भित्तिपत्रक लागते. अक्षर वाकडेतिकडे, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. पण पहिल्या अंकात सर्वांत वर एका मुलीचा प्रश्न आहे, आणि त्याखाली आमचे चुकलेले उत्तर आणि दुरुस्त केलेले उत्तर, दोन्ही आहेत. तसे छापायचा आग्रह तिचाच होता.

आपल्या घरातले मूल उभे राहून प्रश्न विचारील, तेव्हा त्याला खाली बसवू नका. जयभीम!